थकलेलं पोलाद : सेल्फ लोडिंग रायफलची स्प्रिंग बदलायची तरी केव्हा?

१९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नेफा आणि लडाखच्या उंचीवर लढलेल्या भारतीय जवानांच्या हातांत प्रामुख्याने .३०३ ली-एनफिल्ड ही रायफल होती. पहिल्या महायुद्धाच्या आधीच तिची मूळ घडण पक्की झालेली होती. एक गोळी झाडली की बोल्टची मूठ वर उचलायची, मागे खेचायची, पुढे ढकलायची आणि खाली वळवायची. मगच दुसरी गोळी. समोरच्या चिनी सैन्याकडे स्वयंभरणी म्हणजे सेल्फ लोडिंग रायफली होत्या. चाप दाबून सोडला की पुढचे काडतूस आपोआप कोठीत येऊन बसे. त्या युद्धाच्या पराभवाची कारणे अनेक आहेत आणि रायफल हे त्यांतले सर्वांत मोठे कारण खचितच नव्हे. परंतु बोटे गोठवणाऱ्या थंडीत प्रत्येक गोळीमागे चार हालचाली करणे म्हणजे काय, याची कल्पना करणे कठीण नाही.

बोल्ट-ॲक्शन रायफलमध्ये जे काम माणसाचा हात करतो, ते सेल्फ लोडिंग रायफलमध्ये दोघे मिळून करतात. नळीतून वळवून घेतलेला तप्त वायू दट्ट्यावर आदळून बोल्टला मागे फेकतो. हा हाताचा पहिला अर्धा भाग झाला. बोल्ट मागे जाताना एक स्प्रिंग दाबली जाते आणि मग तीच स्प्रिंग बोल्टला पुढे ढकलते, वाटेत मॅगझिनमधले काडतूस उचलून कोठीत सारते आणि कोठीचे दार बंद करते. हा दुसरा अर्धा भाग. वायूचा जोर प्रत्येक काडतुसागणिक नव्याने जन्माला येतो. स्प्रिंग मात्र तीच राहते. पहिल्या गोळीला जी होती तीच पाच हजाराव्या गोळीलाही. ‘ही स्प्रिंग केव्हा बदलायची?’ हा किरकोळ वाटणारा प्रश्न खरे तर पोलादाच्या स्मृतीविषयीचा प्रश्न आहे आणि त्याला सुमारे साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे.

भारतापुरता तो इतिहास पुणे आणि इच्छापूर या दोन गावांतून जातो. पुण्यातील पाषाणची आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे एआरडीई, ही संस्था १९५८ साली स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे ७.६२ मिमी सेल्फ लोडिंग रायफल. बेल्जियमच्या एफएन कंपनीतील द्यूदोने सेव्ह याने घडवलेली ‘फाल’ ही रायफल तेव्हा जगभर पसरत होती. तिचे परदेशी नमुने सुटे करून, भागन् भाग मोजून भारतीय रेखाचित्रे तयार झाली आणि बंगालमधील इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीत उत्पादन सुरू झाले. मूळ कंपनीने त्याला हरकत घेतली. ते प्रकरण पुढे तडजोडीने मिटले. ‘वन-ए-वन’ या नावाची ही रायफल १९७१ च्या युद्धापर्यंत पायदळाची ओळख बनली आणि सैन्यातून निघाल्यानंतरही अनेक राज्यांच्या पोलीस दलांत वर्षानुवर्षे राहिली. तिच्या लाकडी दस्त्याच्या टोकाला जुन्या ली-एनफिल्डचीच झडपेची पट्टी बसवलेली होती. काटकसरीचा हा नमुना आजही पाहणाऱ्याचे लक्ष वेधून घेतो.

याच दस्त्याच्या पोटात एकात एक बसवलेल्या दोन स्प्रिंगा असतात. नमुन्यावरून नक्कल करताना नळी, बोल्ट, दट्ट्या हे भाग मापता येतात. स्प्रिंगही मापता येते. तारेचा व्यास, वेटोळ्यांची संख्या, मोकळी लांबी, सारे मोजपट्टीवर येते. पण ती तार कोणत्या तापमानाला कढवली, ओढताना किती बारीक केली, वेटोळी घातल्यावर पुन्हा किती वेळ तापवली आणि वापरण्यापूर्वी ती मुद्दाम पूर्ण दाबून ‘बसवली’ होती की नाही, हे मोजपट्टी सांगत नाही. दोन स्प्रिंगा दिसायला जुळ्या बहिणी असाव्यात आणि एकीने दुसरीच्या दुप्पट आयुष्य काढावे, असे सहज घडू शकते. नक्कल करणाऱ्या प्रत्येक देशाला ही विद्या स्वतःच्या भट्टीपाशी उभे राहूनच शिकावी लागते.

अकरावीच्या भौतिकशास्त्रात भेटणारा हूकचा नियम येथे पहिला टप्पा आहे. रॉबर्ट हूकने तो १६७६ साली अक्षरांची उलटापालट केलेल्या एका लॅटिन कोड्याच्या रूपात छापला. शोध आपल्या नावावर राहावा पण गुपित फुटू नये, अशी त्या काळची ती रीत होती. १६७८ साली त्याने कोडे उलगडले : जितके ताणावे तितका जोर. हूकला घड्याळाच्या स्प्रिंगमध्ये रस होता, बंदुकीत नव्हे. त्याच्या नियमात काळाला स्थान नाही. पहिल्यांदा दाबलेली स्प्रिंग आणि लाखाव्यांदा दाबलेली स्प्रिंग त्याच्या लेखी एकच. ही उणीव भरून निघायला आणखी दीडशे वर्षे जावी लागली.

ती भरून काढली खाणींनी आणि रेल्वेने. जर्मनीतील हार्ट्‌झ पर्वतात खाणींची देखरेख करणाऱ्या विल्हेल्म आल्बर्टच्या लक्षात आले की भार वाहून नेणाऱ्या साखळ्या अतिभाराने तुटत नाहीत. नेहमीच्याच भाराने, पण पुन्हापुन्हा ताणल्यामुळे तुटतात. १८३७ साली त्याने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसच्या मार्गावर इंजिनाचा आस तुटून पन्नासहून अधिक प्रवासी मेले आणि ‘चांगले लोखंड असे अचानक का तुटते’ हा प्रश्न युरोपभर ऐरणीवर आला. प्रशियाच्या रेल्वेतील अभियंता आउगुस्ट व्योलर याने पुढे अनेक वर्षे आसांवर पद्धतशीर प्रयोग केले. एकदाच दिला तर सहज पेलला जाईल असा ताण हजारो-लाखो वेळा दिला की धातू तुटतो, आणि ताण जितका कमी तितकी आवर्तने जास्त, हा त्याचा निष्कर्ष. त्यातच पोलादाच्या बाबतीत एक दिलासाही होता : ताण एका मर्यादेखाली ठेवला तर थकवा जवळजवळ येतच नाही. धातूंच्या बाबतीत ‘थकवा’ हा शब्द रूढ झाला तो याच काळात.

तारेची कहाणी वेगळी. १८५४ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉलने पोलादी तार तापवून, ठरावीक रीतीने थंड करून मग ओढण्याची प्रक्रिया विकसित केली. पियानोची तार म्हणून ती प्रथम गाजली आणि आजही स्प्रिंगच्या उत्तम तारेला इंग्रजीत ‘म्युझिक वायर’ म्हणतात. रायफलमधल्या स्प्रिंगचे कूळ असे वाद्यांच्या घराण्यातले आहे. भारतात अशा थंड अवस्थेत ओढलेल्या तारेसाठी आयएस ४४५४ हे मानक आहे आणि दाबाच्या वेटोळेदार स्प्रिंगांच्या आकडेमोडीसाठी आयएस ७९०६. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला दोन्ही कधी ना कधी भेटतात.

विसाव्या शतकात मोटारीच्या इंजिनांनी हे ज्ञान पुढे नेले. इंजिनातील व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मिनिटाला हजारो वेळा दबतात; त्या तुटू लागल्या तेव्हा जनरल मोटर्समधील जॉन आल्मेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तारेच्या पृष्ठभागावर बारीक छर्ऱ्यांचा मारा करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली. थकव्याची भेग बहुधा पृष्ठभागावरच सुरू होते. छर्ऱ्यांच्या ठोक्यांनी पृष्ठभाग आधीच दाबला गेला की भेगेला तोंड फुटायला अवघड जाते. १९५७ मध्ये झिमर्ली नावाच्या अभियंत्याने प्रसिद्ध केलेले आकडे आजही यंत्ररचनेच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. सुमारे १० मिमीपेक्षा बारीक तारांच्या बाबतीत थकव्याची मर्यादा तारेच्या जाडीवर किंवा तिच्या मूळ बळावर फारशी अवलंबून नसते, हे त्याचे आश्चर्यकारक निरीक्षण. छर्रे न मारलेल्या स्प्रिंगसाठी ताणाची चढउतार सुमारे २४१ मेगापास्कल, मारलेल्यासाठी सुमारे ३९८. तारेच्या पृष्ठभागावर केलेली मशागत पोलादाच्या जातीपेक्षा अधिक मोलाची ठरावी, ही गोष्ट धातुशास्त्राबाहेरच्या माणसाला सहसा पटत नाही.

मग रायफलची स्प्रिंगही या मर्यादेखाली ठेवून अमर का करत नाहीत? कारण जागा. ताण कमी ठेवायचा तर तार लांब हवी, वेटोळी जास्त हवीत. रायफलचा दस्ता आणि जवानाची पाठ दोन्ही त्याला तयार नसतात. शस्त्रांच्या स्प्रिंगा म्हणूनच मर्यादित आयुष्यासाठी घडवल्या जातात. शिवाय बोल्ट काही हळुवारपणे मागे येत नाही. सेकंदाला अनेक मीटर वेगाने आलेला धक्का स्प्रिंगमधून लाटेसारखा धावतो आणि टोकाकडची वेटोळी सरासरीपेक्षा कितीतरी अधिक ताण सोसतात. कागदावरचा साधा हिशेब या लाटेला धरत नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘स्प्रिंग मऊ झाली’ असे सर्रास म्हटले जाते. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, तर वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या आणि वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. उरतो तो पोलादाचा दृढता गुणांक आणि तो वापराने जवळपास बदलत नाही. तार झिजलेली किंवा गंजलेली नसेल तर जुनी स्प्रिंग नव्याइतकीच कडक असते. ती मऊ होत नाही, ती आखूड होते. हजारो वेळा दबल्यावर पोलादाच्या आत सूक्ष्म कायमचे सरकणे साचत जाते आणि स्प्रिंग पूर्वीच्या लांबीला परतत नाही. नुसती समजण्यासाठी एक कल्पित स्प्रिंग घ्या : दर मिलिमीटरला ०.३ न्यूटन कडकपणा, बोल्ट बंद असताना १०० मिमी दबलेली, पूर्ण मागे असताना २०० मिमी दबलेली. नवी असताना बल अनुक्रमे ३० आणि ६० न्यूटन. आता ती २० मिमी आखूड झाली, तर बल २४ आणि ५४ न्यूटन. मागच्या टोकाला घट १० टक्के, पण पुढच्या टोकाला २० टक्के. काडतूस कोठीत शेवटचे काही मिलिमीटर सारून दार लावण्याचे काम पुढच्या टोकालाच असते. थकलेल्या रायफलचे पहिले दुखणे तेथेच का सुरू होते, हे या साध्या वजाबाकीत दिसते.

याच कारणाने स्प्रिंग बदलण्याचा सर्वांत विश्वासार्ह निकष गोळ्यांची मोजणी नसून लांबी हा आहे. अमेरिकी सैन्याच्या देखभाल पुस्तिकेत एम-१६ रायफलच्या दस्त्यातील स्प्रिंगची मोकळी लांबी पावणेबारा ते साडेतेरा इंच, म्हणजे सुमारे २९८ ते ३४३ मिमी, असावी असे दिले आहे. आखूड एम-४ कार्बाइनसाठी हीच पट्टी सुमारे २५६ ते २८६ मिमी. स्प्रिंग बाहेर काढायची, पट्टीशेजारी ठेवायची, खालच्या मर्यादेपेक्षा आखूड भरली तर टाकायची. गोळ्यांचा हिशेब नसलेल्या शस्त्रालाही ही कसोटी लागू पडते आणि जगातल्या बहुतेक सरकारी शस्त्रांची गत अशीच असते. मात्र ही मापे त्या रायफलीपुरतीच; एकीचे माप दुसरीला लावणे म्हणजे एकाचा चष्मा दुसऱ्याला देणे.

एम-१६ चे उदाहरण आणखी एका कारणाने बोधक आहे. व्हिएतनाममध्ये ही रायफल वारंवार अडकू लागली तेव्हा अमेरिकी काँग्रेसच्या रिचर्ड आयकॉर्ड यांच्या उपसमितीने १९६७ मध्ये चौकशी केली. काडतुसातील दारूचा प्रकार मध्येच बदलला होता. नव्या दारूमुळे बोल्टचा वेग आणि गोळीबाराचा दर वाढला. कोठीला क्रोमचा मुलामा नव्हता, साफसफाईचे साहित्य अपुरे होते. स्प्रिंगमागचा बफर बदलून बोल्टला लगाम घालावा लागला. जी स्प्रिंग एका दारूसोबत पुरेशी होती ती दुसऱ्या दारूसोबत अपुरी ठरली. अडकलेल्या रायफलीशेजारी मृतावस्थेत सापडलेल्या सैनिकांच्या हकिकती त्या काळी अमेरिकेत घरोघरी पोहोचल्या होत्या. स्प्रिंगचे आयुष्य हे एकट्या स्प्रिंगचे नसते, ही जाणीव तेथे फार महाग पडली.

रायफलमध्ये स्प्रिंग एकच नसते, आणि प्रत्येकीचे दुखणे निराळे. परतीची स्प्रिंग थकली तर बोल्ट मागे जोरात आदळतो आणि पुढे मात्र अर्धवट बंद होतो. मॅगझिनची स्प्रिंग थकली तर काडतूस वेळेवर वर येत नाही. बोल्ट त्याच्यावरून रिकामाच निघून जातो, किंवा शेवटच्या गोळीनंतर उघडा थांबत नाही. घोड्याची स्प्रिंग थकली तर काडतुसाच्या बुडावर उथळ खूण उमटते आणि गोळी सुटत नाही. सर्वांत छोटी आणि बहुधा सर्वांत आधी हरणारी म्हणजे एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग. नखाएवढ्या जागेत बसून तिने तप्त पुंगळीची कड घट्ट धरायची असते. ती सैल पडली की रिकामी पुंगळी कोठीतच राहते आणि मागून येणारे काडतूस तिच्यावर आदळते. एम-४ कार्बाइनची नळी आखूड असल्याने वायू लवकर आणि अधिक दाबाने परततो, म्हणून तिच्या एक्स्ट्रॅक्टरला पुढे अधिक जोरदार स्प्रिंग द्यावी लागली.

पण ही सारी लक्षणे मळ, कोरडेपणा, वाकलेले मॅगझिन किंवा गळणारा वायू यांमुळेही दिसू शकतात. फाल आणि तिची भारतीय बहीण या दोघींत वायू कमी-जास्त करण्याची सोय आहे. रायफल अडखळली की वायू वाढवावा, ही शिकवण मळासाठी योग्यच. परंतु खरा दोष थकलेल्या परतीच्या स्प्रिंगमध्ये असेल तर वाढवलेला वायू बोल्टला अधिकच जोराने मागे फेकतो, स्प्रिंग आणखी झिजते आणि दोष काही दिवस झाकला जातो. तापावर औषध देऊन जखम तशीच ठेवण्यासारखे हे आहे. आधी स्वच्छ करावे, तेल द्यावे, दुसरे मॅगझिन लावून पाहावे, मग स्प्रिंग मोजावी, हा क्रम म्हणून महत्त्वाचा.

मॅगझिन भरून ठेवले की स्प्रिंग मरते, ही समजूत तर पोलीस ठाण्यांपासून चित्रपटांपर्यंत सर्वत्र आहे. नीट घडवलेली स्प्रिंग स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत दाबून ठेवली तर साध्या तापमानाला तिची हानी फार अल्प होते. तिला थकवते ती पुन्हापुन्हा होणारी दाब-सोड. अपवाद दोन. क्षमतेपेक्षा एखादे काडतूस जास्त कोंबले तर मर्यादा ओलांडली जाते, आणि उष्णता असेल तर स्थिर दाबाखालीही पोलाद हळूहळू सैलावते. उष्णतेचा मुद्दा रायफलच्या रचनेतही दिसतो. जॉन गॅरंडच्या १९३६ मध्ये स्वीकारलेल्या एम-१ रायफलमध्ये मुख्य स्प्रिंग तापणाऱ्या नळीखाली होती. शिवाय बोल्ट ढकलणे आणि काडतुसे वर उचलणे ही दोन्ही कामे तिच्याच गळ्यात. सेव्हने ती दस्त्यात नेली आणि उष्णतेपासून दूर ठेवली. थंडीचे मात्र उलट. सियाचेनच्या थंडीत पोलादाचा गुणांक बदलतो तो नगण्य; घट्ट होते ते वंगण, आणि दोष मात्र स्प्रिंगला लागतो. कारगिलच्या युद्धात १९९९ मध्ये इन्सास रायफलविषयी आलेल्या तक्रारींत थंडीत तडकणारी प्लास्टिकची मॅगझिने होती. मॅगझिनचे कवचच तडकले तर आतली उत्तम स्प्रिंगही निरुपयोगी.

स्प्रिंगा ठरावीक काळाने सरसकट बदलाव्यात की मोजून, हा वाद संख्याशास्त्राचाही आहे. स्वीडनच्या वालोडी वायबुल याने धातू केव्हा तुटतील याचे गणित मांडले. त्यातून निघणारा व्यावहारिक अर्थ असा की वयानुसार बिघाडाची शक्यता वाढत असेल तरच वेळेआधी बदलण्यात फायदा. नव्या भागातच सदोष नग निघत असतील तर चांगली चालणारी जुनी स्प्रिंग काढून नवी घालणे म्हणजे धोका विकत घेणे. थकवा वयाबरोबर वाढतो, म्हणून एक्स्ट्रॅक्टरसारख्या स्वस्त, मोजायला कठीण आणि निर्णायक स्प्रिंगा ठरल्या वेळी बदलाव्यात. लांब, सहज मोजता येणाऱ्या स्प्रिंगा मोजून बदलाव्यात. सर्वांना एकच नियम लावणारी कार्यालयीन सोय येथे शहाणपणाची नाही. भारतीय सैन्यात ही जबाबदारी १९४३ मध्ये उभ्या राहिलेल्या ईएमई दलाच्या आर्मरर कारागिरांची. त्यांची नावे युद्धांच्या इतिहासात क्वचितच येतात.

आता इन्सासची जागा एके-२०३ घेत आहे. उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे भारत-रशिया संयुक्त कंपनीत तिचे उत्पादन होते. २०२१ च्या डिसेंबरात सहा लाखांहून अधिक रायफलींचा करार झाला आणि २०२४ च्या जुलैपर्यंत ३५,००० रायफली सुपूर्द झाल्याचे जाहीर झाले. एके घराण्याच्या घोड्याच्या स्प्रिंगमध्ये एक जुनी युक्ती आहे : ती एका तारेची नसून पिळलेल्या तारांची असते. तारा एकमेकींवर घासून धक्क्याची लाट विझवतात, आणि एक तार तुटली तरी दुसरी घोडा हाणत राहते. जर्मनीच्या एमजी-४२ या अतिवेगवान मशीनगननेही परतीच्या स्प्रिंगसाठी हाच मार्ग धरला होता. सोय मोठी, पण तिची एक बाजू आर्मररला ठाऊक असते : अर्धी तुटलेली स्प्रिंगही काम करत असल्याने ती बाहेर काढून, पुसून, बोटांत फिरवून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि बदललेली स्प्रिंग दिसायला नवीसारखीच असते, म्हणून ती कापूनच भंगारात टाकावी लागते. नाहीतर पुढच्या पाहणीत ती सुट्या भागांच्या पेटीतून पुन्हा एखाद्या रायफलमध्ये जाऊन बसते.